एचएलएची खोबण ते मोझाइक लस: पॅमेला ब्यॉर्कमन यांच्या संशोधनात सलग धागा आहे का?

ताम्हण

नमस्कार. मी पुण्यात रचनात्मक जीवशास्त्रात पीएच.डी. करते आहे आणि हे माझे तिसरे वर्ष आहे. पेशीपटलावरील एका ग्राहीची, म्हणजे प्रयोगशाळेत आपण ज्याला सरसकट रिसेप्टर म्हणतो त्याची, त्रिमितीय रचना शोधणे हा माझा विषय आहे. प्रथिन तयार होते, शुद्धही होते, परंतु क्ष-किरणांचे विवर्तन नीट देईल असा स्फटिक मला अजून मिळालेला नाही.

गेल्या महिन्यात आमच्या गटवाचनासाठी एचएलए-ए२ या, आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर असणाऱ्या प्रथिनाच्या रचनेवरचे ऑक्टोबर १९८७ मधले दोन जुने शोधनिबंध माझ्या वाट्याला आले. त्यांच्या पहिल्या लेखिका पॅमेला ब्यॉर्कमन. दोन मळसूत्री भिंती आणि त्यांच्यामधली खोबण हे चित्र मी पाठ्यपुस्तकात अनेकदा पाहिले होते, मात्र ते कोणी आणि किती काळ खपून काढले याचा विचार कधी केला नव्हता. तयारी करताना असे लक्षात आले, की त्यांना हार्वर्डची पीएच.डी. १९८४ मध्ये मिळाली आणि रचना प्रसिद्ध झाली ती १९८७ मध्ये. म्हणजे प्रबंध सादर झाला तेव्हा ते चित्र अस्तित्वातच नव्हते. हे वाचून मी बराच वेळ थांबले, कारण माझ्याही प्रबंधात रचना असेल याची आज मला खात्री देता येत नाही.

पुढे त्यांची कारकीर्द पाहिली तर ती मला विखुरलेली वाटली. आधी टी पेशी, म्हणजे बाधित पेशी ओळखणाऱ्या प्रतिकारक पेशी, मग आईकडून पिल्लाला मिळणारे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, मग लोहाचे शोषण, त्यानंतर एचआयव्ही आणि अखेरीस करोना विषाणूची लस. हे सारे एकाच प्रश्नाचा पाठपुरावा आहे, की त्या त्या काळात जे महत्त्वाचे ठरले त्याकडे वळणे आहे? शिवाय १९८७ च्या रचनेत नेमके काय दिसले, की ज्यामुळे प्रतिकारशास्त्राची पाठ्यपुस्तके बदलावी लागली, हेही जाणत्यांकडून समजून घ्यायचे आहे. आणि एक प्रश्न स्वतःसाठी विचारते: अशा कामात थांबून राहणे केव्हा योग्य असते?

किरणपट

ताम्हण, तुमचा प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण या रचनेकडे हल्ली केवळ एक आकृती म्हणून पाहिले जाते. मी आयुष्यभर प्रथिनांच्या स्फटिकांवर काम केले आणि आता निवृत्त आहे. १९८७ मध्ये आमच्या ग्रंथालयात तो अंक आला, तेव्हा आम्ही तिघेचौघे एकाच टेबलाभोवती उभे राहून तो वाचला होता. त्यामुळे पहिल्या भागाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

त्यासाठी १९७४ पर्यंत मागे जावे लागेल. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून असे दाखवले, की विषाणूबाधित पेशीला मारणारी टी पेशी नुसत्या विषाणूला ओळखत नाही. बाधित पेशीवरची ऊतकसुसंगतीची प्रथिने, म्हणजे माणसात ज्यांना आपण एचएलए म्हणतो ती, तिच्या ओळखीची असतील तरच ती मारा करते. या शोधाला १९९६ चे नोबेल मिळाले. मात्र त्यातून एक कोडे निर्माण झाले आणि ते दहा-बारा वर्षे सुटले नाही. टी पेशीला दोन ग्राही असतात, एक विषाणूसाठी आणि एक एचएलएसाठी, की एकच ग्राही या दोहोंना मिळून ओळखतो? आणि दुसरे खरे असेल, तर ते दोघे एकमेकांना कुठे आणि कसे चिकटलेले असतात? १९८६ मध्ये ऑक्सफर्डच्या अॅलन टाउनसेंड यांनी हे प्रकरण आणखी चमत्कारिक करून ठेवले. इन्फ्लुएंझाच्या ज्या प्रथिनाला टी पेशी ओळखते ते विषाणूच्या पृष्ठभागावरचे नसून आतले आहे, आणि संपूर्ण प्रथिन तर नकोच, प्रयोगशाळेत तयार केलेला त्याचा लहानसा तुकडा पेशींना दिला तरी टी पेशी मारा करते, असे त्यांनी दाखवले. पेशीच्या पोटातला तुकडा टी पेशीला बाहेरून दिसतो कसा, याचे उत्तर रचनेशिवाय मिळण्यासारखे नव्हते.

हार्वर्डमध्ये जॅक स्ट्रॉमिंजर यांचा गट मानवी पेशींच्या पटलावरून एचएलए शुद्ध करत असे. पटलात रुतलेल्या प्रथिनाचे स्फटिक करणे तेव्हा जवळजवळ अशक्य होते, म्हणून त्यांनी पपईच्या चिकातले पपेन हे विकर वापरून प्रथिनाचा बाहेरचा भाग पटलाच्या लगेच वरून कापून मोकळा केला आणि तो पाण्यात विरघळू लागला. हा भाग घेऊन डॉन वायली यांच्या प्रयोगशाळेत ब्यॉर्कमन यांनी स्फटिक वाढवले. वायली यांच्याकडे अनुभव होता. इन्फ्लुएंझाच्या हिमॅग्लुटिनिनची रचना त्यांनी १९८१ मध्ये इअन विल्सन आणि जॉन स्केहल यांच्यासह प्रसिद्ध केली होती. तरीही स्फटिक मिळाल्यापासून रचना हाती येईपर्यंत वर्षे गेली. तुम्हाला ठाऊकच आहे, पण इतर वाचकांसाठी सांगतो: क्ष-किरणांच्या चित्रात ठिपक्यांची तीव्रता मोजता येते, परंतु तरंगांची कला, म्हणजे एक तरंग दुसऱ्याच्या किती पुढे-मागे आहे, ती माहिती हरवलेली असते. ती परत मिळवण्यासाठी त्या काळी स्फटिकात पारा, प्लॅटिनम यांसारखे जड अणू भिजवून घ्यावे लागत, आणि बहुतेक वेळा त्या सोपस्कारात स्फटिकच बिघडत असे. १९८५ मध्ये त्यांचा जो शोधनिबंध आला त्यात स्फटिक आणि त्यांचे विवर्तन एवढेच आहे. रचना नाही. तुमच्या मनाला लागलेली १९८४ ते १९८७ ही तीन वर्षे त्या अवस्थेतली आहेत. पदवी मिळाल्यावरही त्या त्याच प्रयोगशाळेत राहिल्या आणि काम पुरे केले.

आता त्या रचनेत काय दिसले ते पाहू. ३.५ अँगस्ट्रॉम विभेदनाचा, म्हणजे तेवढ्या अंतरापर्यंतचाच तपशील दाखवणारा, तो नकाशा आजच्या मानाने धूसरच म्हणावा लागेल. त्यात आठ पट्ट्यांची एक सपाट चटई तळाशी होती, तिच्यावर दोन अल्फा मळसूत्रे समोरासमोर आडवी पडली होती, आणि त्यांच्यामध्ये सुमारे २५ अँगस्ट्रॉम लांब व १० अँगस्ट्रॉम रुंद अशी खोबण होती. ती पटलापासून सर्वांत दूरच्या टोकाला, म्हणजे समोरून येणाऱ्या टी पेशीच्या अगदी पुढ्यात होती. माणसामाणसांत एचएलएची जी अमिनो आम्ले वेगवेगळी असतात त्यांतली बहुतेक या खोबणीच्या तळाशी आणि भिंतींवर गोळा झालेली होती. एवढ्यावरही तो शोध मोठा ठरला असता. परंतु खोबणीत आणखी काहीतरी होते. एचएलएची संपूर्ण साखळी नकाशात बसवून झाल्यावरही तिथे इलेक्ट्रॉन घनता शिल्लक राहत होती, आणि ती त्या प्रथिनाच्या कोणत्याच भागाची नव्हती. स्फटिकासाठी कोणीही पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा लहान तुकडा, मिसळलेला नव्हता. पेशीने स्वतःच भरलेले नाना प्रकारचे तुकडे शुद्धीकरणाच्या साऱ्या पायऱ्या पार करून खोबणीला धरून राहिले होते आणि त्या सर्वांची सरासरी त्या अस्पष्ट ढगाच्या रूपाने दिसत होती.

माझ्या मते या संपूर्ण कामाचे मर्म या शिल्लक घनतेत आहे. असा ढग दिसला की तो नकाशातला दोष समजून पुसून टाकण्याचा मोह होतो. मी स्वतः असे ढग पुसलेले आहेत. या गटाने तो ठेवला, त्याच्याकडे उत्तर म्हणून पाहिले, आणि त्या एका निर्णयाने कॅनबेरा आणि ऑक्सफर्डचे प्रयोग एका चित्रात बसले. टी पेशीला पेशीच्या पोटातले दिसते, कारण पोटातल्या प्रथिनांचे तुकडे या खोबणीत मांडून बाहेर दाखवले जातात. त्या तुकड्यांची लांबी सहसा आठ ते दहा अमिनो आम्लांची असते आणि प्रत्येक एचएलएची आवड वेगळी असते, हे जर्मनीतील हान्स-गेओर्ग रॅमेनझी यांच्या गटाने १९९१ मध्ये खोबणीतले तुकडे सोडवून, त्यांचा अमिनो आम्लांचा क्रम वाचून सिद्ध केले.

थांबण्याविषयी एवढेच म्हणेन, की त्यांचे थांबणे आणि तुमचे थांबणे यांत एक फरक आहे आणि तो लक्षात घ्या. त्यांच्या हाती स्फटिक होता; प्रश्न होता तो सुधारण्याचा आणि कला शोधण्याचा. तुमच्या हाती स्फटिकच नसेल तर तेच द्रावण आणखी हजार वेळा बदलून पाहण्यापेक्षा प्रथिनाचा तुकडा कुठून कुठपर्यंत घेतला आहे याचा पुन्हा विचार करावा. पपेनचा काप नसता तर १९८७ ची रचनाही नसती.

ऊतकजुळणी

किरणपट सरांनी इतके सविस्तर लिहिल्यानंतर मी फक्त माझ्या रोजच्या कामातली बाजू जोडते. मी मुंबईत एचएलए तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपणापूर्वी दात्याचे आणि रुग्णाचे एचएलए टायपिंग, म्हणजे कोणाकडे कोणते एचएलए आहे याची तपासणी, आणि क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंड आहेत का याची तपासणी, आम्ही करतो.

नातेवाईक आमच्यासमोर बसतात आणि विचारतात, "रक्तगट जुळला ना, मग आता आणखी काय जुळवायचे?" सख्ख्या भावंडांत दोन्ही बाजूंनी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते, हे सांगितल्यावर त्यांना आश्चर्य वाटते. निसर्गाने इतकी विविधता का ठेवली, याचे उत्तर मी त्यांना त्या खोबणीचे चित्र काढून देते. या प्रथिनांची हजारो रूपे माणसांत आढळतात आणि त्यांतला महत्त्वाचा फरक खोबणीत आहे. म्हणजे प्रत्येकाची खोबण थोड्या वेगळ्या प्रकारचे तुकडे धरते, आणि एखादा नवा विषाणू आला तर साऱ्या समाजातल्या सगळ्यांच्याच खोबणी त्याचे तुकडे धरण्यास असमर्थ ठरतील असे सहसा होत नाही. प्रत्यारोपणात जी गोष्ट अडचणीची वाटते ती साथीच्या काळात समाजाला तारते. दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीर नाकारते ते याच प्रथिनांमुळे, पण ही प्रथिने शरीरात प्रत्यारोपण अडवण्यासाठी नाहीत, ती तुकडे दाखवण्यासाठी आहेत. रुग्णाला हे कळले की त्याच्या मनातला स्वतःच्या शरीरावरचा राग थोडा कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरे उदाहरण औषधांचे आहे. एचआयव्हीवरचे अबाकावीर हे औषध ज्यांच्याकडे बी*५७:०१ हे एचएलए रूप आहे त्यांच्यापैकी अनेकांना गंभीर ॲलर्जी करते, म्हणून ते सुरू करण्यापूर्वी ही तपासणी करण्याची शिफारस आहे. असे का होते ते २०१२ मध्ये स्फटिकरचनेतूनच उलगडले. औषधाचा रेणू या विशिष्ट खोबणीच्या तळाशी जाऊन बसतो, त्यामुळे खोबणीची पसंती बदलते, एरवी जे तुकडे तिथे बसलेच नसते ते बसू लागतात, आणि टी पेशी आपल्याच पेशींना परके समजतात. हे १९८७ च्या त्या चित्राशिवाय कोणाला सुचले असते असे मला वाटत नाही.

ताम्हण

दोघांचेही मनापासून आभार. शिल्लक घनतेविषयी वाचून मी माझ्या जुन्या नोंदवह्या पुन्हा काढल्या आहेत. पपेनच्या मुद्द्यावरून आमच्या प्रथिनाच्या टोकाकडचा सैल भाग कापून पाहावा असे मार्गदर्शकांशी बोलणेही झाले. परंतु १९८७ नंतरच्या प्रवासाबद्दलचा माझा प्रश्न अजून मोकळाच आहे. टी पेशीच्या ग्राहीची रचना हा सरळ पुढचा टप्पा होता. मग त्या दुसरीकडे का वळल्या?

पश्चिमघाट

मी प्रतिपिंडांवर काम करणाऱ्या एका औषध कंपनीत आहे आणि ब्यॉर्कमन यांचे १९९० नंतरचे शोधनिबंध माझ्या कामाचा आधार आहेत, म्हणून हा भाग मी घेतो.

त्या सरळ पुढच्या टप्प्यावर गेल्याच होत्या. हार्वर्डहून त्या स्टॅनफर्डला मार्क डेव्हिस यांच्याकडे गेल्या. टी पेशीच्या ग्राहीची जनुके १९८४ मध्ये ज्यांनी शोधली त्यांपैकी हे एक. १९८८ मध्ये दोघांनी मिळून असे अनुमान मांडले, की ग्राहीचे सर्वाधिक बदलते वळण पेप्टाइडच्या थेट वर येत असावे आणि तुलनेने स्थिर वळणे दोन मळसूत्रांवर टेकत असावीत. प्रत्यक्ष रचना १९९६ मध्ये आली आणि ती दुसऱ्यांच्या हातून: एक विल्सन यांच्या प्रयोगशाळेतून ख्रिस गार्सिया यांची आणि दुसरी वायली यांच्याच गटातून. ग्राही खोबणीवर तिरका बसतो असे त्यांत दिसले आणि आठ वर्षांपूर्वीच्या अनुमानाचा गाभा खरा ठरला. रचना आपल्या हातून झाली नाही म्हणून ते अनुमान मला कमी मोलाचे वाटत नाही.

१९८९ मध्ये त्या कॅलिफोर्नियातील कॅलटेकमध्ये स्वतःची प्रयोगशाळा घेऊन आल्या, आणि इथून पुढे जो प्रश्न त्यांनी धरला तो मला असा दिसतो: खोबणीच्या या आकाराचे प्रथिन निसर्गाने पेप्टाइड दाखवण्याखेरीज आणखी कशासाठी वापरले आहे? त्या काळी एफसीआरएन नावाच्या ग्राहीचे जनुक नुकतेच सापडले होते आणि त्याचा क्रम एचएलएसारखा निघाला होता. उंदराच्या पिल्लाच्या आतड्यात हा ग्राही आईच्या दुधातले प्रतिपिंड धरतो आणि रक्तात सोडतो. माणसात तेच काम वारेमध्ये होते. १९९४ मध्ये त्यांच्या गटाने याची रचना काढली. खोबण होती, पण मिटलेली. पेप्टाइडला जागाच नव्हती, आणि प्रतिपिंड तर खोबणीत नव्हे, बाजूला चिकटत होता. आतड्यातल्या सुमारे ६ पीएचला तो घट्ट धरला जातो आणि रक्ताच्या ७.४ पीएचला सुटतो, आणि ही किल्ली प्रतिपिंडावरच्या हिस्टिडीन या अमिनो आम्लात आहे, कारण नेमका याच दोन पीएचच्या दरम्यान हिस्टिडीनचा भार बदलतो. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा इतक्या साध्या रसायनावर बाळाचे पहिले संरक्षण उभे आहे याने भारावून गेलो होतो, आणि आजही त्या आकृतीपाशी थांबतो.

हाच ग्राही प्रौढ शरीरात आयजीजी या रक्तातल्या मुख्य प्रकारच्या प्रतिपिंडांना पेशीच्या आत नष्ट होण्यापासून वाचवून पुन्हा रक्तात पाठवतो, म्हणून त्यांचा अर्धायुष्यकाळ सुमारे तीन आठवडे असतो. फ्रान्सिस ब्रॅम्बेल यांनी अशा ग्राहीचे भाकीत १९६० च्या दशकात केले होते. आमच्या उद्योगात त्याचा उपयोग दोन्ही दिशांनी होतो. प्रतिपिंड शरीरात जास्त काळ टिकावा म्हणून त्याची एफसीआरएनवरची पकड आम्लात अधिक घट्ट करतात. तान्ह्या मुलांना आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूपासून वाचवणाऱ्या निरसेव्हिमॅब या प्रतिपिंडामध्ये यासाठी तीन अमिनो आम्ले बदललेली आहेत. उलट मायस्थेनिया ग्रॅव्हिससारख्या, स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात रुग्णाचे स्वतःचेच प्रतिपिंड त्रास देतात, तेव्हा हा ग्राही अडवून ते लवकर नष्ट होऊ देतात. एफगार्टिगिमॉड या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये यासाठी मान्यता मिळाली. ही औषधे ब्यॉर्कमन यांनी केलेली नाहीत, त्यांच्यामागे इतर अनेकांचे श्रम आहेत, परंतु पकड कुठे घट्ट करायची याचा नकाशा त्या रचनांतून मिळाला.

लोहाचे प्रकरण याच ओळीतले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९९६ मध्ये वंशपरंपरागत लोहाधिक्याच्या आजाराचे जनुक सापडले आणि त्याचे एचएफई हे प्रथिनही एचएलएच्या घराण्यातले निघाले. त्यांच्या गटाने १९९८ मध्ये त्याची आणि २००० मध्ये पेशीत लोह आणणाऱ्या ट्रान्सफेरिन ग्राहीसह त्याच्या जोडीची रचना दिली. इथेही खोबण अरुंद आणि रिकामी.

खरे वळण आले ते एचआयव्हीच्या वेळी, आणि तुमची शंका तिथे रास्त आहे. मात्र तिथेही त्यांनी विचारलेला प्रश्न भूमितीचाच होता. प्रतिपिंड इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. दोन्ही भुजांनी एकाच वेळी धरले तर त्याची पकड कितीतरी पटींनी वाढते. इन्फ्लुएंझाच्या कणावर काटे, म्हणजे पृष्ठभागातून बाहेर आलेली प्रथिने, दाटीने असतात, त्यामुळे दोन शेजारच्या काट्यांवर दोन भुजा सहज टेकतात. एचआयव्हीच्या कणावर सरासरी चौदाच्या आसपास काटे असतात, तेही दूर दूर, आणि बहुतेक प्रतिपिंडांची दुसरी भुजा हवेतच राहते. विषाणू प्रतिपिंडांना चुकवतो त्याचे हे एक मोठे कारण असावे, असे जोशुआ क्लाइन आणि ब्यॉर्कमन यांनी २०१० मध्ये मांडले. २०१५ मध्ये त्यांच्या गटाने डीएनएची आखूड-लांब दांडी वापरून दोन भुजांमधले अंतर मोजूनमापून बदलले, एकाच काट्यावर दोन्ही भुजा पोहोचतील असे रेणू तयार केले, आणि त्यांची मारक क्षमता शंभरपटीहून अधिक वाढल्याचे दाखवले.

आता मोझाइक लस पाहा. साठ जागा असलेल्या एका प्रथिनकणावर करोनाच्या घराण्यातल्या आठ वेगवेगळ्या विषाणूंचे ग्राहीबंधक भाग, म्हणजे काट्याचे पेशीवरच्या ग्राहीला चिकटणारे भाग, क्रमाविना डकवलेले असतात. प्रतिपिंड तयार करणाऱ्या बी पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राहीही दोन भुजांचा असतो. एका भुजेखाली एका विषाणूचा भाग आणि शेजारी दुसऱ्याचा, अशा मांडणीत जी बी पेशी केवळ एकाच विषाणूचे खास वैशिष्ट्य ओळखते तिची दुसरी भुजा रिकामी राहण्याची शक्यता जास्त. जी सर्वांना समान असलेला भाग ओळखते तिच्या दोन्ही भुजा टेकतात, तिला संदेश प्रबळ मिळतो, आणि तिची वाढ होते. एचआयव्हीने प्रतिपिंडांविरुद्ध जी भूमिती वापरली तीच इथे आपल्या बाजूने वापरलेली आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशी लस दिलेले उंदीर आणि माकडे पहिल्या सार्स विषाणूपासूनही वाचली, आणि त्या विषाणूचा भाग लसीच्या कणावर नव्हताच.

जाता जाता एक जोडणी सांगायची राहिली. हे भाग कणावर डकवायला जी स्पायकॅचर ही दोन प्रथिने कायमची जोडण्याची पद्धत वापरतात ती मार्क हॉवर्थ यांच्या ऑक्सफर्डमधल्या प्रयोगशाळेतली. तीच पद्धत वापरून करोना लसीचा एक उमेदवार ऑक्सफर्डच्या गटाने तयार केला, त्यात किरणपट सरांनी उल्लेख केलेले १९८६ चे टाउनसेंडही होते.

किरणपट

पश्चिमघाट यांचे विवेचन मला पटले, एका जागी मात्र थोडा वेगळा विचार मांडतो. सारी कारकीर्द एकाच प्रश्नाची होती असे मागे वळून पाहताना म्हणणे सोपे असते. १९८९ मध्ये कॅलटेकला जाताना त्यांच्यासमोर एचआयव्हीचे काटे असतील असे मला वाटत नाही. खोबणीच्या आकारापासून एफसीआरएनपर्यंत आणि एचएफईपर्यंत सरळ ओळ आहे, तिथे एका घराण्यातली प्रथिने एकामागून एक उघडली गेली. एचआयव्हीकडे वळणे हा स्वतंत्र निर्णय होता, आणि तो धाडसाचा होता, कारण त्या क्षेत्रात आधीपासून मोठे गट काम करत होते. सलगता विषयात नसून पाहण्याच्या पद्धतीत आहे: दोन रेणू एकमेकांना कुठे, किती ठिकाणी आणि कोणत्या परिस्थितीत धरतात, हे अंतर मोजून सांगायचे आणि त्यातून शरीराचे वागणे समजून घ्यायचे. वैद्यकीय संशोधनासाठीचा १९९४ चा कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार त्यांना आणि वायली यांना मिळाला तेव्हा या पद्धतीचे फळ टी पेशींपुरतेच दिसत होते. २०२० मध्ये करोनाच्या काट्यावरील प्रतिपिंडांचे चार वर्ग त्यांच्या गटाने रचनांवरून पाडले, तेव्हा तीच पद्धत काही महिन्यांत कामाला आली.

ताम्हण, तुमच्या मनात अल्फाफोल्डचा, म्हणजे प्रथिनाच्या रचनेचे भाकीत करणाऱ्या संगणक आज्ञावलीचाही विचार असणार, कारण आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात तो असतो. एचएलए-ए२ ची साखळी आज संगणकाला दिली तर खोबण काही मिनिटांत समोर येईल. पण त्या संगणकाला ही खोबण ठाऊक आहे ती अशा असंख्य रचना १९७१ पासून प्रथिन संग्रहात जमा होत गेल्या म्हणून. शिवाय आपण ज्याचे नावच दिले नाही असा तुकडा खोबणीत बसलेला आहे, हे भाकीत करणारी आज्ञावली आपोआप सांगत नाही. ते पेशीतून काढलेल्या खऱ्या प्रथिनाने सांगितले. प्रतिपिंड आणि प्रतिजन यांच्या जोडणीचे भाकीतही एकेकट्या प्रथिनाच्या भाकिताइतके विश्वासार्ह नसते. तेव्हा भाकीत जरूर वापरा, विशेषतः सैल टोके कुठे आहेत ते पाहायला; तुमचा काप ठरवण्यासाठी मला मिळाले नव्हते असे हे साधन आहे.

ताम्हण

सरांच्या सूचनेप्रमाणे भाकीत काढून पाहिले. आमच्या प्रथिनाच्या शेवटच्या एकोणीस अमिनो आम्लांना कोणताही निश्चित आकार दिसत नाही, आणि आम्ही तीन वर्षे तो भाग जसाच्या तसा ठेवला होता. तो वगळलेले जनुक मागवले आहे. पहिला स्फटिक आला तर इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवरील, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावरील, प्रथिनांच्या बीमलाइनवर वेळ मागण्याचा अर्ज मार्गदर्शकांनी आजच लिहायला सांगितला आहे.

पश्चिमघाट, आमच्या गटवाचनात पुढच्या शुक्रवारी १९९४ ची एफसीआरएनची रचना घ्यावी असे मी सुचवले आहे. हिस्टिडीनचा भाग मांडताना अडले तर इथेच विचारीन.